समोरच्या बिल्डिंगीचा फोकस

जालन्यात मंठा चौफुली, अंबड चौफुलीकडे शहर पसरत गेलं, तशा नव्या अपार्टमेंटच्या कपाळावर रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्या आल्या. दसऱ्याला चढलेल्या माळा होळीपर्यंत उतरत नाहीत. शेजाऱ्यांनी कुरकुर केलीच, तर उत्तरं ठरलेली असतात.

पहिलं उत्तर: ‘त्रास होतो तर पडदा ओढा.’ हे सांगणाऱ्याने मे महिन्यात जालन्यातली रात्र काढलेली नसावी. पडदा ओढला की वाराही बंद. शिवाय डोळे मिटले म्हणून उजेड थांबत नाही. पापणीतून तो झिरपतोच. उजेड लक्समध्ये मोजतात; पौर्णिमेचं चांदणं जमिनीवर जेमतेम पाव लक्स भरतं. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या २०२२ मधल्या प्रयोगात २० जण होते, त्यातल्या दहा जणांना एक रात्र १०० लक्सच्या उजेडात झोपवून पाहिलं. झोपेतही त्यांच्या हृदयाचे ठोके वाढलेले राहिले आणि सकाळी इन्सुलिनला शरीर कमी दाद देऊ लागलं. खिडकीतून येणारा उजेड बहुधा १०० लक्सच्या बराच खाली असतो, हेही खरं. पण पाव लक्सची सवय असलेल्या शरीराला तोही पुष्कळच, आणि लुकलुकणारा असेल तर विचारूच नका.

दुसरं उत्तर सोसायटीच्या मीटिंगमधलं: ‘एलईडी आहे, वीज लागतेच किती?’ वीज कमी लागते, कबूल. पण बिल कमी म्हणजे उजेड कमी, असं नाही. उलट स्वस्त पडतं म्हणून जिथे एक हॅलोजन होता तिथे पन्नास फूट पट्टी लागते. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये निष्कर्ष निघाला, की २०११ ते २०२२ या काळात रात्रीचं आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्के उजळत गेलं. त्यात पांढऱ्याशुभ्र एलईडीत निळ्या छटेचा वाटा मोठा, आणि झोपेचं मेलाटोनिन रोखून धरणाऱ्या डोळ्यातल्या पेशी निळ्यालाच सर्वांत जास्त ओळखतात.

‘उजेड असला की चोर येत नाही’ हेही ऐकू येतं. गच्चीच्या कठड्यावरची निळी पट्टी गेटजवळ काहीच दाखवत नाही. डोळ्यांवर येणारा फोकस तर सावल्या आणखी काळ्या करतो.

मला खरी गंमत वाटते ती ‘शेताला काय त्रास?’ या प्रश्नाची. आपल्या जिल्ह्यात शहराची शेवटची बिल्डिंग संपते तिथेच सोयाबीन सुरू होतं. सोयाबीन दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. रात्री पुरेशा लांबल्या की त्याला फुलं धरायची खूण मिळते. फुलणं दिवसाच्या लांबीवर ठरतं, हा नियम गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडला, तो तंबाखू आणि सोयाबीनच्याच रोपांवरून; रोप खरं तर रात्र मोजतं, हे पुढे कळलं. रात्रभर दिवा अंगावर असेल तर रोपाला रात्र आखूडच वाटते. आजूबाजूचं पीक पिवळं पडून काढणीला येतं आणि दिव्याखालचा पट्टा हिरवाच उभा राहतो. कीड, बियाणं, खत, सगळ्यांवर संशय घेऊन झाला तरी मान वर करून दिव्याकडे पाहायचं सुचत नाही.

उरलं ‘याला कायदाच नाही.’ अर्धं खरं. आवाजासाठी जशी नियमावली आहे तशी प्रकाशासाठी नाही. पण भारतीय न्याय संहितेचं कलम २७० सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या करतं, त्यात आसपास राहणाऱ्यांना होणारा जाच येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी तो दूर करायला सांगू शकतात. त्रास एकट्या घरालाच असेल, तर वाट दिवाणी न्यायालयाची. २०१८ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या एका जिमखान्याच्या फ्लडलाइटची तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत गेली आणि तिची दखल घेतली गेली. झाडांना गुंडाळलेल्या माळांचा प्रश्न २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात पोचला.

भांडणाआधी करण्यासारखं बरंच आहे. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. निळी छटा कमी हवी, तर तो ३००० किंवा त्याखालचा घ्या. फोकसचं तोंड खाली करा, वर आडोसा लावा. आणि अकराला माळा बंद व्हाव्यात म्हणून वॉचमनला जागं ठेवायची गरज नाही. टाकीच्या मोटारीला जसा टायमर बसवतात, तसा माळांनाही बसतो.