मखर आवरताना

म्हसळ्यासारख्या कोकणातील गावांत गणेशोत्सव भाद्रपदात, म्हणजे पावसाळा सरण्याआधी येत असल्याने, विसर्जनानंतर मखर, म्हणजे मूर्तीभोवतीची सजावटीची चौकट, दमट हवेतच आवरावे लागते आणि ओलसर राहिलेल्या कापडाला बुरशी, तर विजेच्या माळांच्या जोडांना गंज धरतो. म्हणून साहित्य पूर्ण वाळवून, पुढील वर्षी खरोखर वापरायचे, दुरुस्त करायचे व इतरांना देण्याजोगे असे त्याचे वेगळे गट करणे हिताचे ठरते. निर्माल्याचे, म्हणजे पूजेत वाहिलेल्या फुलापानांचे, खत होते. परंतु फुगवलेले प्लॅस्टिकच असलेले थर्माकोल कुजत नाही, आणि राज्य शासनाने २०१८ मध्ये त्याच्या सजावटीवर बंदी घातल्याने टिकाऊ लाकडी किंवा कापडी मखर जपणे हीच उत्सवाची खरी सेवा होय.