नैसर्गिक वायूतील पाणी

भूगर्भातून निघणारा नैसर्गिक वायू कोरडा असतो, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः ज्या खडकांच्या रंध्रांत तो कोंडलेला असतो तेथे पाणीही असते, आणि म्हणून तो बाष्पाने संपृक्त होऊनच वर येतो. वायू गरम आहे तोवर हे बाष्प निमूटपणे त्याच्याबरोबर चालते. नळातून लांबवर जाताना वायू निवू लागला, म्हणजे त्याचे प्रताप दिसू लागतात.

अमेरिकेत लांब पल्ल्याच्या वायुवाहिन्या टाकल्या गेल्या, तेव्हा थंडीच्या दिवसांत त्या अकस्मात तुंबू लागल्या. आत बर्फ धरत असावा, हा तर्क साहजिक होता. परंतु पाणी गोठण्याइतकी थंडी नसतानाही नळ तुंबत. १९३४ साली हॅमरश्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, हा बर्फ नसून वायूचे हायड्रेट आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून पिंजरा रचतात आणि त्यात मिथेनचा रेणू अडकतो. दाब पुरेसा असला तर हा बर्फासारखा घनपदार्थ १० ते १५ अंश सेल्सिअसलाही वितळत नाही.

असा बोळा बसला म्हणजे वायू तर अडतोच, पण खरी भीती तो काढताना असते. एकाच बाजूचा दाब उतरवला, तर सुटलेला बोळा तोफेच्या गोळ्यासारखा धावतो आणि वळणावर नळ फोडतो. अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. घाईने उष्णता देणेही घातक, कारण १ घनमीटर हायड्रेटातून सुमारे १६० घनमीटर वायू मोकळा होतो. शिवाय वायूत कार्बन डायऑक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड असेल, तर पाण्याशी संयोग होऊन पोलाद आतून पोखरले जाते.

तेव्हा पाणी आधीच काढलेले बरे. पावसाळ्यात बरणीतले मीठ जसे हवेतील ओलावा ओढून घेते, तशीच पाण्याची ओढ ट्रायएथिलीन ग्लायकॉल या दाटसर द्रवाला असते. उंच मनोऱ्यात वायू तळातून वर चढतो आणि ग्लायकॉल माथ्यावरून थाळ्याथाळ्यांवर खाली उतरते. वाटेत दोघांची गाठ पडते. पाणी ग्लायकॉलकडे जाते. १ किलो पाण्यासाठी साधारण २५ लिटर ग्लायकॉल फिरवावे लागते.

वायू वाळवण्याचे काम येथे संपले, परंतु ओले झालेले ग्लायकॉल फेकून देणे परवडणारे नाही. ते तापवून पाणी उडवतात. पाणी १०० अंशांस उकळते, ग्लायकॉल २८५ अंशांच्या आसपास. तेव्हा दोघांना वेगळे करणे सोपे वाटते. अडचण अशी की, सुमारे २०५ अंशांपुढे ग्लायकॉल विघटित होऊ लागते. म्हणून आच २०० अंशांच्या आसपास राखावी लागते आणि एवढ्याने ते ९९ टक्क्यांच्या जवळपासच शुद्ध होते. राहिलेल्या १ टक्का पाण्यावर साऱ्या मनोऱ्याचे यश अवलंबून असते! वायू याहून कोरडा हवा असेल, तर तापलेल्या ग्लायकॉलमधून थोडा कोरडा वायू फुंकून उरलेले पाणी हाकलतात. उडणाऱ्या वाफेबरोबर बेंझीनही बाहेर पडते. ते कर्करोगास कारणीभूत असल्याने ती वाफ थिजवून किंवा जाळून टाकावी. तशीच हवेत सोडणे ही काटकसर नव्हे.

मुंबई हाय क्षेत्रातील वायू समुद्रातील मंचांवरच ग्लायकॉलने वाळवून मग सागरतळावरील नळाने उरणकडे पाठवला जातो. अरबी समुद्र काही अमेरिकेतील हिवाळ्याइतका थंड नाही; पण पाण्याखाली गंजून फुटलेला नळ दुरुस्त करणे सोपे नाही.

वायू पुरेसा कोरडा झाला की नाही, हे पाहण्याची एक जुनी रीत अद्याप वापरात आहे. चकचकीत आरशावरून वायू सोडतात आणि आरसा हळूहळू थंड करीत जातात. ज्या तापमानास त्यावर दव धरते, त्यावरून वायूतील बाष्प कळते. पुष्कळ ठिकाणी १ घनमीटर वायूत सुमारे ११० मिलिग्रॅमपर्यंतच पाणी चालते.