अलंकारनिश्चयाचे निकष : काव्यभाषा आणि रत्नागिरीची बोलभाषा

१.

'या ओळीतील अलंकार ओळखा' असा प्रश्न पुढे आला की पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्याची नजर प्रथम एखाद्या शब्दाचा शोध घेऊ लागते. 'सम', 'परी', 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू', 'गमे', 'भासे', 'वाटे' दिसला की उत्प्रेक्षा, अशी किल्ली शालेय व्याकरणाने त्याच्या हाती दिलेली असते. प्राथमिक टप्प्यावर ती सोयीची असली, तरी पुढे हीच सोय अडचण होऊन बसते. 'तो तासभर सारखा बोलत होता' या वाक्यात 'सारखा' आहे, पण उपमा नाही. 'संध्याकाळी पाऊस येईल असे वाटते' येथे 'वाटते' आहे, पण उत्प्रेक्षा नाही. उलट दोन तास उशिरा आलेल्या पाहुण्याला यजमान 'या, फारच लवकर आलात!' असे म्हणतो, तेव्हा वाचक शब्द एकही नसताना वाक्य वाकडे होऊन अर्थ फिरतो.

वाचक शब्द ही अलंकाराची खूण आहे. तो अलंकार नव्हे. मग निश्चय कशाच्या आधारे करावा? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की त्यासाठी दोन प्रश्न विचारावे लागतात. वक्त्याला दोन अर्थांमध्ये कोणता संबंध विवक्षित आहे, हा पहिला. आणि तो संबंध त्या भाषिक समाजातील श्रोत्याला ऐकताना जाणवतो काय, हा दुसरा. उदाहरणे हेतुतः रत्नागिरी परिसराच्या बोलण्याच्या धाटणीवर बेतली आहेत. काव्यशास्त्राची परिभाषा काव्यासाठी घडली असली, तरी ती व्यवहारभाषेवर घासून पाहिल्याखेरीज तिची धार कळत नाही.

२.

कोकणी माणसाची फणसाशी तुलना सर्वांच्या परिचयाची आहे. हे एकच साम्य निरनिराळ्या विवक्षेने मांडून पाहू.

'आबा फणसासारखे आहेत' ही उपमा होय. उपमेय, उपमान आणि वाचक शब्द येथे आहेत. 'वरून काटेरी, आतून गोड' हा साधारण धर्म मात्र अध्याहृत असल्याने ती लुप्तोपमा ठरते. 'आबा म्हणजे फणसच' येथे साम्य अभेदापर्यंत पोहोचते, हे रूपक. 'आबांचा राग म्हणजे जणू फणसाचे काटेच' यात अभेद ठामपणे सांगितलेला नाही, त्याची संभावना केली आहे. म्हणून ही उत्प्रेक्षा. 'आबा कसले, फणस आहे तो' येथे उपमेयाचा निषेध करून उपमानाची स्थापना होते, ही अपन्हुती. 'आबांपुढे फणसही कमीच गोड' हा व्यतिरेक. आबा घरात नाहीत हे पाहून कोणी 'आज फणस कुठे दिसत नाही?' असे विचारले, तर उपमेयाचा उच्चारच होत नाही. उपमानाने त्याला गिळून टाकलेले असते. संस्कृत साहित्यशास्त्राने अतिशयोक्तीचा पहिला प्रकार मानला तो हाच. मराठीत 'अतिशयोक्ती' हा शब्द केवळ 'फुगवून सांगणे' या अर्थी रूढ झाल्यामुळे तो विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

या सहाही वाक्यांत सामग्री तीच आहे. आबा तेच आणि फणसही तोच. बदलला तो दोहोंमधील संबंध. अप्पय्य दीक्षितांनी 'चित्रमीमांसे'त उपमेला नाना भूमिका घेऊन काव्याच्या रंगभूमीवर वावरणाऱ्या नटीची जागा दिली, ती याच जाणिवेने. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे ४ अलंकार होते. 'कुवलयानंदा'पर्यंत ती संख्या शंभराच्या पलीकडे गेली. ही वाढ नावांची हौस म्हणून हसण्यावारी नेली जाते. वस्तुतः तिच्यातील बराचसा भाग संबंधांच्या सूक्ष्म छटा वेगळ्या काढण्याच्या प्रयत्नाचा आहे.

येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. अंधारात कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसलेल्या आबांना फणस समजून पोराने उचलायला हात घातला, असे कोणी सांगितले तर तो भ्रांतिमान अलंकार होय काय? तसे खरोखरच घडले असेल, तर ती केवळ हकीकत आहे. सांगणाऱ्याने हा भ्रम कल्पनेने रचला असेल, तरच तो अलंकार. वाक्य तेच राहते, अलंकारत्व मात्र येते आणि जाते. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त संदेहाचे लक्षण करताना संशय प्रतिभेतून उठलेला असावा अशी अट घातली आहे, तिचे मर्म हेच. या 'साहित्यदर्पणा'चे साक्षेपी संपादन करून त्याच्या प्रस्तावनेतून अलंकारशास्त्राचा इतिहास उभा करणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे (१८८०–१९७२) हे रत्नागिरी जिल्ह्यातलेच, चिपळूणजवळच्या परशुराम परिसरातले.

३.

दुसरा प्रश्न श्रोत्याच्या जाणिवेचा आहे. 'डोंगराची सोंड', 'खाडीचे मुख', 'घाटमाथा' हे शब्द उच्चारताना सोंड, मुख किंवा माथा कोणाच्याही डोळ्यांपुढे येत नाही. येथे लाक्षणिक अर्थच वाच्यार्थासारखा स्थिरावला आहे. मम्मटाने लक्षणेला रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक कारण असते असे म्हटले आणि रूढीचे उदाहरण म्हणून 'कुशल' हा शब्द दिला. मुळात कुश नावाचे गवत कापून आणणारा, तो पुढे कोणत्याही कामात निपुण. विश्वनाथाने यावर आक्षेप घेतला. व्युत्पत्ती काहीही असो, 'निपुण' हाच आता त्या शब्दाचा मुख्यार्थ आहे, तेव्हा लक्षणा कसली, असा त्याचा मुद्दा. झिजलेल्या रूपकाला रूपक म्हणावे की नाही, हा वाद इतका जुना आहे.

विश्वनाथाची बाजू घेतली तरी एक गोष्ट उरते. शब्द झिजतो तो सर्वत्र सारखा झिजत नाही. 'उत्साहाला उधाण आले' हे वाक्य वर्तमानपत्रांत इतके आले आहे की समुद्र कधीही न पाहिलेला वाचकही ते सहज वाचून जातो. त्याच्यापुरते ते मृत रूपक. मिऱ्या किंवा मांडवीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास नेहमीपेक्षा वर चढणारे पाणी ठाऊक असते. तेथील एखादी गृहिणी म्हणेल, 'लग्नघराला उधाण आलंय. सुकती लागली की बघू काय काय वाहून गेलं ते!' 'सुकती' आणि 'वाहून जाणे' यांच्या जोडीने झिजलेले उधाण पुन्हा ओले होते आणि सांगरूपक सिद्ध होते.

यातून एक व्यवहार्य कसोटी हाती येते. उपमानाचे दुसरे एखादे अंग त्याच वाक्यात किंवा पुढच्या वाक्यात जागे झाले असेल, तर रूपक जिवंत आहे असे समजावे. ते होत नसेल आणि शब्द काढून साधा पर्याय घातल्यावर काहीच हरवत नसेल, तर ती रूढी समजावी.

उपमान प्रसिद्ध असावे, या जुन्या अपेक्षेचाही येथे फेरविचार करावा लागतो. 'तो राजापूरच्या गंगेसारखा उगवतो' हे जिल्ह्यात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. उन्हाळ्याच्या त्या गंगेचे अवचित येणे आणि जाणे सर्वांना माहीत असते. विदर्भातील वाचकाला मात्र टीप द्यावी लागेल. प्रसिद्धी ही नेहमी कोणत्या तरी समाजातील प्रसिद्धी असते.

४.

सादृश्याव्यतिरिक्त संबंधांकडेही पाहिले पाहिजे. वाशीच्या घाऊक बाजारात 'रत्नागिरी आली का?' असे विचारले, तर विचारणा हापूस आंब्याची असते. गावाचे नाव तेथील फळाला लागते. पाश्चात्त्य वक्तृत्वशास्त्र अशा प्रयोगांना अलंकारांत गणते. आपल्या परंपरेत त्यांचा विचार मुख्यतः लक्षणेच्या प्रकरणात होतो. विद्यार्थी येथे ओढूनताणून रूपक लावतात. गाव आणि फळ यांत साम्य नाही, उत्पत्तीचा संबंध आहे, एवढे दाखवले की हा घोटाळा टळतो.

आरंभीच्या 'फारच लवकर आलात'मध्ये स्तुतीच्या रूपाने निंदा आहे, ही व्याजस्तुती. तिचा निर्णय केवळ प्रसंगावरून होतो. वेळेआधी पोहोचलेल्या पाहुण्याला उद्देशून तेच वाक्य साधे विधान ठरेल. रत्नागिरीच्या तिरकस बोलण्याचा हा गुण पु. ल. देशपांडे यांनी 'अंतू बर्वा' या व्यक्तिचित्रातून मराठी वाचकाच्या मनात कायमचा रुजवला. त्या व्यक्तिचित्रातील वक्रोक्ती केवळ वाक्ये वेचून दाखवता येत नाही. ती कोण, कोणाला आणि केव्हा बोलतो, हे सांगावेच लागते.

अलंकाराची परिभाषा कोठे थांबते, हेही सांगणे आवश्यक आहे. मालगुंड येथे जन्मलेल्या केशवसुतांच्या 'तुतारी'त (१८९३) तुतारी हे उपमान मानले, तर उपमेय कोणते? कविता, सुधारणेची हाक, की कवीचा प्राण? एका उत्तराने भागत नाही. एखाद्या ओळीतील अलंकार त्या ओळीत सोडवता येतो; प्रतीक मात्र संपूर्ण कवितेत अर्थ साठवत जाते. त्याला अतिशयोक्तीचा उपप्रकार म्हणून बसवणे म्हणजे कवितेपेक्षा कोष्टकाला अधिक मान देणे होय.

५.

सारांश, अलंकारनिश्चयाचा क्रम असा ठेवता येईल : प्रथम प्रसंग आणि वक्ता पाहावा, नंतर दोन अर्थ खरोखर उभे राहतात काय, हे तपासावे, ते राहत असतील तर त्यांतील संबंध सादृश्याचा, सान्निध्याचा की विरोधाचा, हे ठरवावे, सादृश्य असल्यास ते तुलना, संभावना, अभेद किंवा निषेध यांपैकी कोणत्या रूपात आले आहे, ते पाहावे. नाव सर्वांत शेवटी द्यावे.

हा क्रम मान्य झाला तर उत्तरपत्रिकेचे मूल्यमापनही बदलावे लागेल. 'उत्प्रेक्षा' एवढाच बरोबर शब्द लिहिणाऱ्यापेक्षा, संबंध नीट उलगडून नावात चुकलेला विद्यार्थी कवितेच्या अधिक जवळ पोहोचलेला असतो. अलंकाराचे अध्यापन ही काव्यवाचनाची पहिली पायरी असेल, तर गुण त्या उलगडण्याला मिळाले पाहिजेत.