तालुक्याच्या मुलांचा मंच

नाताळ सरतो न सरतो तोच वसईच्या नरवीर चिमाजी आप्पा मैदानाकडे मुलांची रीघ लागते. डिसेंबरअखेरचा वसई तालुका कला-क्रीडा महोत्सव महापालिकेहून (२००९) आणि पालघर जिल्ह्याहूनही (२०१४) जुना. मैदानी खेळांच्या जोडीने इथे चित्र, रांगोळी, नाच-गाण्यालाही मान मिळतो, हे फार मोलाचं. गुडघ्यांवर बसून, चिमटीतली रांगोळी वाऱ्यापासून तळहाताआड जपणारी मुलगी पाहावी. धावपटूइतकाच तिचाही कस लागतो.

चित्रकलेची गोडी असलेल्यांनी शाळेतल्या कलाशिक्षकांकडे शासकीय रेखाकला परीक्षांची चौकशी जरूर करावी. एलिमेंटरीनंतरच्या इंटरमिजिएट परीक्षेतल्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात: ‘अ’ला ७, ‘ब’ला ५, ‘क’ला ३.