'ब्लड ब्रदर्स' या नाटकातील जुळे भाऊ : सामाजिक वर्ग, संगोपन आणि चुकीची किंमत

बीजशब्द : सामाजिक वर्ग, संगोपन, जुळी भावंडे, ब्रिटिश रंगभूमी, बेकारी

प्रस्तावना

भावंडांच्या आयुष्यात पडणारे अंतर उपजत स्वभावामुळे पडते की संगोपनामुळे, हा प्रश्न मानसशास्त्राइतकाच समाजशास्त्राचाही आहे. ब्रिटिश नाटककार विली रसेल यांनी 'ब्लड ब्रदर्स' या संगीत नाटकात तो रंगमंचावर मांडला. १९८३ साली लिव्हरपूल येथे हे नाटक संगीत नाटकाच्या रूपात प्रथम सादर झाले. १९८८ मध्ये ते लंडनमध्ये पुन्हा रंगभूमीवर आले व २०१२ पर्यंत त्याचे दहा हजारांहून अधिक प्रयोग झाले. स्वतः रसेल यांनी पंधराव्या वर्षी शाळा सोडून केशकर्तनाचा व्यवसाय केला होता व पुढे ते शिक्षक झाले. त्यामुळे लिव्हरपूलच्या श्रमिक वस्तीचे जीवन त्यांना जवळून परिचित होते. या नाटकातील वर्गभेद मिळकतीपेक्षाही एका चुकीसाठी मोजाव्या लागणाऱ्या किमतीत अधिक स्पष्ट दिसतो, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कथानकाची मांडणी

नाटकाच्या आरंभीच दोन्ही भावांचा मृत्यू सूचित केला जातो. त्यामुळे काय घडणार यापेक्षा ते का घडले, याकडे प्रेक्षकाचे लक्ष वेधले जाते. पतीने सोडून दिलेली, अनेक मुलांची आई असलेली श्रीमती जॉन्स्टन ही श्रीमती लायन्स या सधन व निपुत्रिक स्त्रीच्या घरी साफसफाईचे काम करते. तिला जुळी होणार हे कळल्यावर मालकीण त्यांपैकी एक मूल मागते व बायबलवर शपथ घ्यावयास लावते. पुढे आईचा जीव त्या मुलात गुंतू लागताच मालकीण तिला कामावरून काढते आणि विभक्त जुळ्यांना सत्य कळल्यास दोघेही मरतात, अशी भीती घालते. ही अंधश्रद्धा मालकिणीने स्वतः रचलेली आहे. गरीब स्त्रीला गप्प बसविण्याचे ते साधन ठरते.

मिकी जन्मदात्या आईजवळ वाढतो व एडवर्ड लायन्स कुटुंबात. साधारण सात वर्षांचे असताना त्यांची योगायोगाने भेट होते, दोघांचा जन्मदिवस एकच असल्याचे कळते आणि ते रक्ताची शपथ घेऊन भाऊ बनतात. मिकीच्या शिव्यांचे एडवर्डला अप्रूप वाटते व त्यांचा अर्थ आपण शब्दकोशात पाहू, असे तो म्हणतो; शब्दकोश म्हणजे काय, हेच मिकीला ठाऊक नसते. भाषा ही वर्गाची पहिली खूण कशी असते, हे या प्रसंगात दिसून येते.

समान चूक, भिन्न परिणाम

नाटकातील पोलिसाचा प्रसंग या दृष्टीने मध्यवर्ती होय. मिकी, एडवर्ड व त्यांची मैत्रीण लिंडा मिळून दगड मारण्याचा खोडकरपणा करतात. पोलीस श्रीमती जॉन्स्टनला न्यायालयात खेचण्याची धमकी देतो. तोच पोलीस लायन्स यांच्या घरी मद्याचा पेला हाती घेऊन हा पोरखेळ असल्याचे सांगतो व मुलाला अशा मुलांपासून दूर ठेवण्याचा सल्ला देतो. कृत्य एकच असूनही एका घरी तो गुन्हा ठरतो आणि दुसऱ्या घरी खोडी.

शाळेतही हेच घडते. दोघेही शिक्षकांना उलट उत्तरे देऊन काही काळ शाळेबाहेर राहतात. एडवर्ड खर्चिक निवासी शाळेतून पुढे विद्यापीठात जातो. मिकी सामान्य शाळेतून थेट कारखान्यात. कामगारकपातीत मिकीची नोकरी जाते. या घटनेमागे वास्तवाचा आधार आहे. १९८२ च्या आरंभी ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली होती आणि गोदी व कारखाने बंद पडत असलेल्या लिव्हरपूलला तिची झळ विशेष बसली होती. सुटीत घरी आलेला एडवर्ड बेकारीला गमतीने स्वच्छंद जीवनाची संधी मानतो. त्यावर मिकी त्याला जाणीव करून देतो की, आपण मोठे झालो आहोत आणि एडवर्ड अजून मूलच आहे. बालपण किती काळ टिकावे, हेसुद्धा वर्गच ठरवितो, असा याचा अर्थ होय.

पुढे थोरला भाऊ सॅमी याच्या दरोड्यात मिकी पहाऱ्यासाठी उभा राहतो आणि तुरुंगात जातो. तेथे नैराश्यावरील गोळ्यांची लागलेली सवय सुटकेनंतरही सुटत नाही. नगरपरिषदेचा सदस्य झालेला एडवर्ड त्याला गुपचूप घर व काम मिळवून देतो. हे उपकार कळल्यावर मिकीचा स्वाभिमान दुखावतो, कारण समानतेच्या शपथेवर उभे राहिलेले नाते आता दाता व याचक यांचे झालेले असते. अखेरीस सत्य उघड होते, तेव्हा आईने दुसऱ्या घरी आपल्याला का दिले नाही, असा आक्रोश मिकी करतो. त्याच्या हातातील पिस्तूल सुटून एडवर्ड मरतो आणि पोलिसांच्या गोळ्यांनी मिकीही.

समारोप

वर्ग हेच एकमेव कारण आहे, असे हे नाटक सांगते काय? सॅमी व मिकी एकाच घरात वाढूनही स्वभावाने भिन्न आहेत. म्हणजेच परिस्थिती माणूस घडविताना त्याचा स्वभाव पुसून टाकत नाही. हळव्या मिकीलाही ती सॅमीच्याच वाटेवर आणते, कारण अन्य वाटा त्याच्यापुढे उरलेल्या नसतात. एडवर्ड चुकतो तेव्हा त्याला सावरणारे घर, पैसा व प्रतिष्ठा पाठीशी असते. मिकीच्या वाट्याला अशी दुसरी संधी येत नाही आणि एकाच रात्रीची चूक त्याचे उर्वरित आयुष्य ठरविते.

नाटकाचा निवेदक शेवटी या मृत्यूंचा दोष अंधश्रद्धेला द्यावा की वर्गव्यवस्थेला, असा प्रश्न प्रेक्षकांपुढे ठेवतो. नाटकातील पुरावा दुसऱ्या उत्तराकडे झुकतो. जुळ्यांविषयीची भविष्यवाणी खरी ठरते ती दैवामुळे नव्हे. पोलीस, शाळा आणि कारखाना या संस्था दोन मुलांशी दोन रीतींनी वागतात, म्हणून ती खरी ठरते.