रेड्याची गाडी, पाण्यातली पंगत आणि बांबूचा नाच

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. आज आपण शनिवार-रविवारची एक सहल करणार आहोत. आपली नाही, दुसऱ्या देशातली.

तो देश म्हणजे फिलिपिन्स. आपल्या पूर्वेला, समुद्रापलीकडे. सात हजारांहून जास्त बेटं मिळून झालेला. भात, मासळी आणि नारळ हे तिथलं रोजचं खाणं. तीनशेहून जास्त वर्षं तिथं स्पेनचं राज्य होतं, मग अमेरिकेचं. १९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला. पण आपल्याकडचे काही शब्द त्याच्याही कितीतरी आधी तिथं पोचलेत. तिथल्या टागालोग भाषेत शिक्षकाला 'गुरो' म्हणतात, चेहऱ्याला 'मुखा' आणि वनदेवतेला 'दिवाता'. आहेत ना ओळखीचे? संस्कृतातले शब्द व्यापाराच्या गलबतांबरोबर बेटं ओलांडत तिथवर गेले.

या देशाची राजधानी मनिला. तिथून दक्षिणेला दोन-अडीच तासांवर नारळाचा एक मोठा मळा आहे, व्हिला एस्कुदेरो. १८८० च्या दशकात एस्कुदेरो घराण्यानं तो वसवला. सुरुवातीला तिथं ऊस होता. पुढच्या पिढीनं ऊस काढून नारळ लावला. १९८१ पासून हा मळा पाहुण्यांसाठी खुला झाला. आजही तिथं नारळ आहेत, पण सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांसकट, आजी-आजोबांसकट कुटुंबं येतात ती मळ्यातला एक दिवस जगायला.

एक कुटुंब सकाळी तिथं पोचलं असं धरू. फाटकाशी त्यांची वाट बघत उभी असते रेड्याची गाडी. आपल्याकडे जशी बैलगाडी, तशी तिथं पाणम्हशीच्या जातीच्या जनावराची गाडी. त्याला 'काराबाव' म्हणतात. भाताच्या चिखलात नांगर ओढणारं, शेतकऱ्याच्या घरचं जनावर ते. गाडीला छप्पर, बसायला बाकं, आणि बरोबर गिटार वाजवत गाणी म्हणणारी मंडळी. गाडी अगदी सावकाश चालते. शहरातली मुलं आधी कंटाळतात, मग जनावराकडे बघत बसतात.

वाटेत एक संग्रहालय लागतं. जुन्या मूर्ती, चांदीची वेदी, चिनी मातीची भांडी, वेगवेगळ्या जमातींचे पोशाख. हे सगळं त्या एका घराण्यानं जमवलेलं. ते बघताना मनात एक प्रश्न येतोच, पण तो थोडा मागे ठेवू. आधी जेवून घेऊ.

जेवणाची जागा हीच त्या मळ्याची खरी ओळख. धबधब्याच्या पायथ्याशी बांबूची टेबलं मांडलेली. चपला काढायच्या, घोट्याएवढ्या वाहत्या पाण्यात पाय सोडून बसायचं आणि जेवायचं. पण हा धबधबा निसर्गानं केलेला नाही, ती बंधाऱ्याची भिंत आहे. १९२९ च्या सुमारास नदी अडवून वीज तयार करण्यासाठी हा बंधारा बांधला. त्या विजेवर मळ्यातला खोबऱ्याचा कारखाना चालायचा. आता भिंतीवरून पडणाऱ्या त्याच पाण्याखाली पंगत बसते. कामाची जुनी वस्तू मोडीत न काढता तिला नवं काम दिलं.

ताटात असतो भात, भाजलेली मासळी, कोंबडी आणि शहाळं. हातानं जेवायच्या पद्धतीला तिथं 'कामायान' म्हणतात. 'कामाय' म्हणजे हात. केळीच्या पानावर भात आणि कालवण मांडून सगळ्यांनी भोवती बसायचं. परकीय राज्यात काटे-चमचे आले आणि हातानं जेवणं गावंढळ ठरलं. आज तीच पंगत लोक मुद्दाम मांडतात, मुलांना शिकवतात. गोडात 'सुमान' असतं. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवून केळीच्या पानात गुंडाळायचा. कोकणातल्या बहिणींना आपल्या पातोळ्या आठवतील.

जेवणानंतर नाच. त्यातला 'तिनिकलिंग' सगळ्यांना ठाऊक असतो. दोन लांब बांबू जमिनीवर, दोन्ही टोकांना माणसं बसलेली. ती तालात बांबू आपटतात आणि एकमेकांवर मारतात. नाचणाऱ्यांनी मधल्या फटीत पाय टाकायचा आणि बांबू मिटायच्या आत उचलायचा. 'तिकलिंग' हा भातखाचरातला लांब पायांचा पक्षी, त्याच्या चालीवरून हा नाच आला. आपल्या मिझोराममध्येही असाच बांबूचा नाच आहे. दुसरा नाच दिव्यांचा. डोक्यावर एक आणि दोन्ही हातांवर एकेक दिवा तोलून बाया नाचतात, दिवा पडू द्यायचा नाही. हे नाच बसवले रामोन ओबुसान यांनी. गावोगाव फिरून त्यांनी लोकनृत्यं गोळा केली आणि त्यांच्या देशानं त्यांना राष्ट्रीय कलाकार म्हणून गौरवलं. नाचणारे बहुतेक त्या मळ्यातच काम करणारे आणि त्यांच्या घरची मुलं.

घरी निघताना नातवंडं आजीचा हात धरून आपल्या कपाळाला लावतात. ही तिथली नमस्काराची रीत. ती कुठल्या कार्यक्रमात नसते, घराघरात असते. फिलिपिन्समधली लाखो माणसं परदेशात नोकरी करतात. कुणाची आई नर्स म्हणून, कुणाची परक्या घरी मुलं सांभाळायला, कुणाचे वडील बोटीवर. ती सुट्टीवर आली की सगळं घर असं एकत्र कुठंतरी जातं. वर्षानुवर्षं लांब राहिलेल्या आईला त्या एका दिवसात मुलांना सांगायचं असतं, बाळांनो, आपण हे आहोत.

आता मागे ठेवलेला प्रश्न. संग्रहालयात मालकाच्या वस्तू आहेत. नारळ पाडणाऱ्याचा कोयता, खोबरं वाळवणाऱ्या बाईचे हात त्यात कुठं आहेत? त्या देशात नारळ पिकवणारे छोटे शेतकरी आणि कुळं गरिबांतली गरीब समजली जातात. पाहुणा बघतो तो नाच त्यांचा, खातो ते जेवण त्यांचं. म्हणून अशी कुठलीही जागा बघताना दोन गोष्टी विचाराव्यात. दाखवलं जातंय ते कुणाचं? आणि पैसे कुणाच्या हातात जातात?

हे मी आजच का सांगतेय? कारण ही गोष्ट आपल्या दाराशी आलेली आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. अशा केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. शहरातली कुटुंबं हुरडा खायला, बैलगाडीत बसायला, चुलीवरची भाकरी खायला येतात. आणि भाकरी थापायला बोलावणं येतं ते बचत गटाला.

तेव्हा बायांनो, आपण दोन चुका करतो. पहिली चूक, 'आमच्याकडे काय आहे दाखवण्यासारखं?' असं म्हणतो. त्या मळ्यानं काय दाखवलं? रेडा, बंधारा, भात, केळीचं पान, बांबू. यातलं काय आपल्याकडे नाही? दुसरी चूक दर सांगताना होते. पीठ, तेल, भाजी यांचे पैसे धरतो. सरपण आणलं, पाणी भरलं, अंगण सारवलं, पाहुणे गेल्यावर भांडी घासली, याचे पैसे धरतच नाही. ते 'घरचं काम' म्हणून सोडून देतो. पाहुणा मात्र त्याच घरपणाचे पैसे मोजायला आलेला असतो.

ओव्या म्हटल्या, फुगडी घातली, तर तेही काम आहे. त्याचाही दर आधी ठरवा आणि कागदावर लिहून घ्या. आणि जे देवघरातलं आहे, दुःखातलं आहे, ते दाखवायचं नसेल तर 'नाही' म्हणायचा हक्क आपला आहे. पाहुणा आला म्हणून सगळीच दारं उघडावी लागत नाहीत.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. कागदाच्या एका बाजूला लिहा, आमच्या गावात दाखवण्यासारखं काय आहे. दुसऱ्या बाजूला लिहा, त्यामागे कुणाची किती तासांची मेहनत आहे. दोन्ही बाजू भरल्या की मगच दर बोला.

आणि हो, हे काम कागदावर आणताना घरातल्या म्हाताऱ्या आजीला विसरू नका. पहिल्या बाजूचं निम्मं तीच सांगेल. येते मी. नमस्कार.