क्रूझ लावलेली गाडी आणि माळव्याचा रस्ता

देवास आणि धार ही नावे निघाली की मराठी वाचकाला पवारांची संस्थाने आठवतात. आपल्या बेळगावकडच्या वाचकाला त्याही आधी सुळेभावीचे कुमार गंधर्व आठवतील, जे १९४८ साली देवासला गेले आणि तिथलेच झाले. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र संस्थाने किंवा संगीत हा नाही. या दोन गावांना इंदूरवरून जोडणारा सुमारे शंभर किलोमीटरचा जो रस्ता आहे, त्यावर आज धावणाऱ्या नव्या मोटारींतील एका यंत्रणेविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. तिचे पूर्ण नाव ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल. लोक नुसते ‘क्रूझ’ म्हणतात. माझी थोरली बहीण देवासला दिलेली आहे आणि भावोजींचा व्यवसाय धारकडे. त्यांच्या गाडीत ही सोय आहे. गेल्या दोन सुट्ट्यांत त्यांच्या शेजारच्या आसनावर बसून तिचे वागणे मला जवळून पाहावयास मिळाले, आणि नंतर त्यामागचे शास्त्र वाचून काढले.

प्रथम साधा क्रूझ कंट्रोल म्हणजे काय ते पाहू. इंजिनाचा वेग आपोआप कायम राखण्याची कल्पना जुनी आहे. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या यंत्राला फिरत्या गोळ्यांचा नियामक बसवला, तो याच जातीचा. मोटारीसाठी हे काम केले राल्फ टीटर या अमेरिकन अभियंत्याने. तो वयाच्या पाचव्या वर्षापासून अंध होता. त्याला १९५० साली पेटंट मिळाले आणि १९५८ साली क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल मोटारीत ही सोय प्रथम आली. ऐंशीचा वेग ठरवून बटण दाबावे, पाय काढून घ्यावा. चढ असो वा उतार, गाडी ऐंशीनेच जाते. पुढे कोणी असले तरीही ऐंशीनेच जाते! आपल्या रस्त्यांवर असल्या यंत्राचा उपयोग किती, हे सांगावयास नको.

‘ॲडॅप्टिव्ह’ प्रकार ही अडचण सोडवू पाहतो. पुढची गाडी हळू झाली की तो आपली गाडी हळू करतो, आणि पुढचा रस्ता मोकळा झाला की पुन्हा ठरवलेल्या वेगावर नेतो. जपानमध्ये १९९५ साली मित्सुबिशीने लेसर किरणांवर चालणारी अशी योजना आणली. ती ब्रेक लावत नसे, फक्त इंजिनाचा जोर कमी करी आणि गिअर उतरवी. १९९९ साली मर्सिडीझच्या मोठ्या गाडीत रडारवर चालणारी, ब्रेक लावणारी योजना आली. आपल्याकडे अशा रडारांसाठी लागणारा ७६ ते ७७ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१५ साली परवान्यातून मुक्त झाला आणि २०२०–२१ पासून मध्यमवर्गाच्या आवाक्यातील गाड्यांतही ही यंत्रणा दिसू लागली.

गाडीच्या पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमध्ये तळहाताएवढी एक डबी असते. तीतून चार मिलिमीटरहून किंचित कमी लांबीच्या रेडिओलहरी पुढे जातात आणि धातूवर आपटून परत येतात. परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळते. वेग कळतो तो डॉप्लरच्या नियमाने. रेल्वेफाटकाशी उभे असताना येणाऱ्या इंजिनाची शिटी उंच स्वरात आणि जाणाऱ्याची खालच्या स्वरात ऐकू येते, हा अनुभव सर्वांचा आहे. ७७ गिगाहर्ट्झच्या लहरींत, पुढची वस्तू आपल्या दिशेने सेकंदाला एक मीटर जवळ येत असेल तर परतीच्या लहरीची कंपनसंख्या सुमारे ५१३ हर्ट्झने वाढते. हा फरक यंत्राला अगदी सहज मोजता येतो. म्हणूनच पुढच्या पिकअपने वेग जरासा कमी केला की आपल्या डोळ्यांना तो कळण्याआधी क्रूझला कळलेला असतो. या बाबतीत ते माणसाहून सरस आहे, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे.

परंतु याच गुणातून त्याचा सर्वांत मोठा दोष निघतो, आणि या लेखाचे खरे प्रयोजन तेच आहे.

आपण ताशी शंभर किलोमीटरने चाललो आहोत असे समजा. रस्त्याकडेचा लोखंडी कठडा, मैलाचा दगड, वरून गेलेली दिशादर्शक पाटी, पुलाचा सांधा, हे सारे रडारच्या हिशेबाने शंभराच्याच वेगाने आपल्याकडे धावून येत असते. रस्त्यात उभी असलेली ट्रॅक्टरची ट्रॉलीही नेमकी त्याच वेगाने येते. रडारला डावे-उजवे बरे कळते, उंची तितकीशी कळत नाही. तेव्हा डोक्यावरची पाटी कोणती आणि वाटेतली ट्रॉली कोणती हा निवाडा त्याला कठीण जातो. प्रत्येक स्थिर वस्तूला पाहून ब्रेक लावले तर गाडी चालणारच नाही. म्हणून यंत्र बनवणाऱ्यांनी एक तडजोड केली: वेग जास्त असताना, जी वस्तू कधी हलताना दिसलीच नाही तिच्याकडे बहुतांशी दुर्लक्ष करावयाचे. अलीकडच्या गाड्यांत काचेमागे कॅमेराही असतो आणि त्यामुळे परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. तरीही गाडीबरोबर मिळणारे पुस्तक उघडून पाहा. उभ्या वाहनासाठी या यंत्रणेवर विसंबू नये, असे त्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ते पुस्तक गाडी घेणारे किती लोक वाचतात, हा प्रश्न वेगळा.

माळव्यात हंगामाच्या दिवसांत रात्री जो फिरला असेल त्याला यातील धोका समजावून सांगण्याची गरज नाही. सोयाबीन, गहू, लसूण, बटाटा घेऊन मंडीकडे निघालेल्या ट्रॉल्या, त्यांतली एखादी टायर फुटून रस्त्यातच उभी. मागे दिवा नाही, चार दगड मांडून ठेवलेले. आता हिशेब करू. आपण ताशी ऐंशीने, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटरने, एका पिकअपच्या मागे चाललो आहोत. क्रूझने दोन सेकंदांचे, म्हणजे ४४ मीटर अंतर राखले आहे. पिकअपवाल्याला ट्रॉली दिसते आणि ती वीस मीटरवर असताना तो एकदम बाजूला वळतो. आपल्यासमोर ६४ मीटरवर ट्रॉली उभी! या यंत्रणेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मोठ्या वेगात क्रूझला सेकंदाला साडेतीन मीटरहून अधिक दराने वेग उतरवण्याची मुभा नाही. त्या दराने थांबण्यास ७० मीटर लागतात. म्हणजे ट्रॉली तत्क्षणी ओळखली तरी क्रूझ गाडी थांबवू शकत नाही. उलट माणसाचा पाय ब्रेकवर जाण्यास एक सेकंद, २२ मीटर, धरला आणि कोरड्या डांबरावर जोराचा ब्रेक लागला तर त्यापुढे सुमारे ३३ मीटर, एकूण ५५. गाडी थांबते. वेग शंभराचा असेल तर मात्र ट्रॉली ७६ मीटरवर दिसते आणि माणसालाही ७९ मीटर लागतात. बहुतेक गाड्यांत आपत्कालीन ब्रेकची आणखी एक वेगळी योजना असते, ती जोराने ब्रेक लावते हे खरे. पण तिलाही आधी ती वस्तू ओळखावी लागते. वरच्या हिशेबात माणसाचा तो एक सेकंद गृहीत धरला आहे तो जागरूक माणसाचा. तासभर क्रूझ लावून, पाय आखडून, गप्पा मारीत बसलेल्याला एक सेकंद पुरत नाही.

विरुद्ध दिशेने येणाऱ्या वाहनाचेही तसेच. चौपदरी रस्त्यावर पुढच्या फटीपर्यंतचा वळसा वाचवण्यासाठी उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल हे आपल्या देशातील नित्याचे दृश्य आहे. क्रूझ तिच्यासाठी बनवलेलेच नाही. गतिरोधकही त्याला दिसत नाही.

बाकीच्या खोडी जिवावरच्या नाहीत, पण रोज भेटणाऱ्या आहेत. इंदूर–देवास रस्त्यावर पुढे ४४ मीटर मोकळी जागा ठेवणे म्हणजे इतरांना निमंत्रण देणेच होय. टेम्पो शिरतो, क्रूझ त्याच्यामागे पुन्हा अंतर सोडते, तेवढ्यात मोटार शिरते. मागचा ड्रायव्हर भोंगा वाजवून हैराण! यावर पुष्कळ जण अंतराची सर्वांत आखूड पायरी निवडतात. ती साधारण एका सेकंदाची असते. माझ्या मते यापेक्षा अशा गर्दीत क्रूझ बंद ठेवणे शहाणपणाचे. भावोजी तेच करतात. दुसरी खोड ‘उडी मारण्याची’. वेग नव्वदचा ठरवलेला, पण ट्रकमागे पन्नासने रांगत असताना आपल्याला नव्वदचा विसर पडतो. ट्रक ढाब्याकडे वळला की गाडी आपण होऊन नव्वदकडे झेपावते, मग समोर गाव असो की टोलनाका. वळणावर पुढची गाडी किरणांच्या पट्ट्याबाहेर गेली तरीही हेच घडते, किंवा शेजारच्या पट्ट्यातील ट्रक आपल्यापुढेच आहे असे समजून गाडी विनाकारण ब्रेक लावते.

माळव्याची काळी माती पावसाळ्यात जाळीवर थापली गेली की रडार काम सोडून देते आणि समोर तसा संदेश उमटतो. हा दोष नव्हे. दिसत नाही असे सांगणारे यंत्र केव्हाही बरे. देवासला नवी गाडी चामुंडेच्या टेकडीखाली पूजेला नेतात. दसऱ्याची झेंडूची जाड माळ नेमकी त्या डबीवर आली तरी तोच संदेश येऊ शकतो. माळ जरा वर बांधावी, एवढेच.

पिकअपविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात खुद्द पिकअपमध्येही क्रूझ येते, आणि तिथे एक वेगळीच गोष्ट अनुभवास येते. मागच्या हौद्यात वजन भरले की गाडीचे नाक वर उठते आणि त्याबरोबर रडारची नजरही. एक अंशाचा फरक शंभर मीटरवर पावणेदोन मीटर होतो. म्हणजे जी किरणे मोटारीच्या मागच्या भागावर पडावयाची ती तिच्या टपावरून निघून जाऊ शकतात. शिवाय भरलेल्या गाडीला थांबण्यास अंतर अधिक लागते. आपल्याकडच्या शेतमाल वाहणाऱ्या पिकअपमध्ये क्रूझ नसते, पण क्रूझ लावलेल्या मोटारीच्या पुढे बहुधा तीच असते. तिच्यातून लोखंडी सळया हातभर नव्हे, दोन-दोन मीटर मागे आलेल्या असतात. कायद्याने मनाई असूनही असतात. रडार अंतर मोजते ते पिकअपच्या पाठीपासून, सळयांच्या टोकांपासून नव्हे. भुसा भरलेला असेल तर त्याच्या फुगवट्याने मागचे दिवे झाकले जातात. रडारला आतला धातू कळतो, पण कॅमेऱ्याला ते वाहन आहे असे ओळखण्यासाठी जी आकृती लागते तीच नाहीशी झालेली असते.

गंमत अशी की या यंत्रणांची परीक्षा जिथे होऊ शकते अशी देशातील एक मोठी जागा याच धार जिल्ह्यात, पीथमपूरला आहे. नॅट्रॅक्स या संस्थेच्या अतिवेगवान धावपट्टीचे उद्घाटन तत्कालीन केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते २९ जून २०२१ रोजी झाले. लंबवर्तुळाकार, ११.३ किलोमीटर लांब, चार पदरी. आशियातील सर्वांत लांब अशी तिची ख्याती झाली. त्या धावपट्टीवर गाय येत नाही आणि टायर फुटलेली ट्रॉलीही नसते. तिथून बाहेर पडून मुंबईकडे जाणारा आग्रा रोड धरला की मानपूरच्या पुढे पठार संपते आणि निमाडात उतरण लागते. गणपती घाट तो हाच. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी तिथे किती जीव घेतले हे धारमधील प्रत्येकाला ठाऊक आहे; अखेर उतरत्या वाहतुकीसाठी २०२४ मध्ये वेगळा वळणरस्ता झाला. अशा उतरणीवर क्रूझ वेग राखण्यासाठी वारंवार ब्रेकचा वापर करू लागते आणि ब्रेक तापतात. घाट सुरू होण्याआधीच ते बंद करून खालचा गिअर धरावा.

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक मसुदा प्रसिद्ध केला. चालकाखेरीज आठांहून अधिक माणसे नेणारी वाहने आणि साडेतीन टनांवरील ट्रक यांच्यात आपत्कालीन ब्रेक व चालकाच्या झोपेची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची करावी, असा त्याचा आशय होता. उभ्या ट्रॉलीवर मागून आदळणारे ट्रक यातून थोडे तरी कमी होतील. मंडीकडे जाणारी पिकअप बहुधा साडेतीन टनांच्या आतली असल्यामुळे ती या मसुद्याबाहेर राहते. ट्रॉलीच्या पाठीवर चिकटवण्याची लाल चकाकती पट्टी मात्र देवासच्या बाजारात कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळते. भावोजींनी गेल्या हंगामात तिचे एक भेंडोळे गाडीत ठेवले आहे. ओळखीच्या शेतकऱ्याची ट्रॉली दिसली की थांबून लावतात.